काशीकाकीची शिवी कोर्टाची पायरी चढते

बदलापूर मागे टाकून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं, की चिंचशेत गाव येतं. तिथं कुणालाही विचारा, काशीकाकीचं घर कुठलं? माणूस बोट दाखवायच्या आधी हसतो. का हसतो, हे कळायला काकीच्या अंगणात एकदा जाऊन यावं लागतं. पायातल्या चपला निघायच्या आत घरातून आवाज येतोच, "आलास का रं? मुरदा बशिवला तुजा, किती दिसांनी तोंड दाखवतंस!" आणि तो मुरदा बसायच्या आत पुढ्यात पाण्याचा तांब्या, तांब्यापाठोपाठ तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी.

ही शिवी काशीची माहेरची. तिची आजी द्यायची, मग आई द्यायची, आणि काशी परकर सोडून लुगड्यात आली तेव्हा तिच्या तोंडी येऊन बसली. "सासऱ्यानं आंदण म्हणून एवढीच वस्तू दिली," असं तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा. त्यालाही लगेच एक मिळायची. नवरा गेला, मुलगा मुकेश अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला लागला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली. सुनेचे केस पांढरे व्हायला लागले, पण शिवीला वय म्हणून झालं नाही.

करोनाच्या काळात गावात लस टोचायला नर्सबाई आल्या. काकीनं दंड पुढे केला, सुई टोचली आणि तोंडातून शिवी सुटली. बाई रडवेल्या झाल्या. त्यांना वाटलं, म्हातारी चिडली. म्हातारी कसली चिडते! तिनं बाईंच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर वेगळीच गंमत. एक उमेदवार मतं मागत फिरत होता. काकीनं त्याला उंबऱ्यातच शिवी घातली. त्यानं बाहेर येऊन कार्यकर्त्याला सांगितलं, "हे घर आपलं, पक्कं धर." विरोधकाला काकीनं पाट दिला, "बसा, पाणी घ्या," म्हणाली. तो बिचारा घाम पुसत परत गेला. गावाला ठाऊक होतं, काकी ज्याला 'तुम्ही' म्हणते त्याचं काही खरं नाही.

आठवड्यातून दोनदा ती उल्हासनगरात भाजी विकायला बसायची. वाल, भेंडी, उन्हाळ्यात जांभळं आणि करवंदं. बसायची जागा म्हणजे नारीशेठच्या कापडदुकानाची पायरी. नारीशेठ सिंधी, पोटानं आणि मनानं मोठा. दुकानात एकदा नवा सेल्समन लागला. काकी शेठचा मुरदा बसवताना त्यानं ऐकली आणि तिला हाकलायला धावला. शेठ गादीवरूनच ओरडला, "अरे साईं, बैठने दे! सुबह इसकी गाली नहीं मिली, तो मेरा दुकान नहीं चलता!"

आणि एवढ्या शिव्या देणाऱ्या तोंडाचं दुसरं काम काय, तर धवले गायचं. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला धवलारीण लागते. ती देवांची नावं घेते, पितरांना बोलावते, नवरीला न्हाऊ घालतानाची गाणी म्हणते. पंचक्रोशीत काशीकाकीसारखा गळा नव्हता. ती धवला म्हणायला लागली, की मोटारसायकलीवर बसलेली पोरंही इंजिन बंद करायची.

आता हरिचंद्र. काशीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, शेजारच्याच घरातला. काशी नवरी होऊन आली तेव्हा हा हाफपँटीत होता, नाक पुसायचंही भान नव्हतं. त्याची आई लवकर गेली. तेव्हापासून त्याला जेवू घातलं काशीनं, शाळेत ढकललं काशीनं, आणि त्याच्या लग्नात धवले म्हटले तेही काशीनंच. तो साठीला टेकला तरी तिच्यासाठी हऱ्याच होता. दिवसातून चार वेळा मुरदा बसायचा त्याचा, आणि चार वेळा तो "वयनी, च्या टाक" म्हणत उत्तर द्यायचा.

मग ते फणसाचं झालं. दोन्ही घरांच्या बांधावर काशीच्या नवऱ्यानं लावलेला फणस होता. हरिचंद्रचा मुलगा धर्मेश यानं टेम्पो घेतला, आणि टेम्पो दारापर्यंत यायला फणस आडवा यायला लागला. काशी भाजी घेऊन उल्हासनगरला गेली असताना बापलेकांनी फणस पाडला. संध्याकाळी ती आली, बुंध्याकडे बघितलं आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिचंद्र कान पाडून तिच्या अंगणात उभा राहिला. त्याची तयारी होती. वाटलं होतं, आज शिव्यांचा पाऊस पडेल, आपण खाली मान घालून भिजायचं आणि मग चहा प्यायचा. काशी दारात आली. पदर सारखा केला.

"या हरिचंद्रराव," ती म्हणाली. "बसा. तुमचं काय काम होतं?"

हरिचंद्र घरी गेला आणि त्या दिवशी जेवला नाही. बायकोला म्हणाला, "वयनीनं मना राव केला."

दोन पावसाळे हे असंच चाललं. भेट झाली की "बरे आहात ना तुम्ही?" धर्मेशलाही "धर्मेशराव." भांडण नाही, आरडाओरडा नाही. चिंचशेतमध्ये इतकं कडाक्याचं भांडण त्याआधी कुणी बघितलं नव्हतं.

हरिचंद्रच्या धाकट्या लेकीचं, करिष्माचं लग्न जमलं. पोरांनी हळदीला डीजे ठरवला. पण बापाच्या मनात दुसरंच होतं. होळी होऊन गेली होती, उन्हं तापायला लागली होती. एका सकाळी तो कुणाला न सांगता कुडाच्या कडेकडेनं काशीच्या अंगणात आला. धवलारणीला आमंत्रण घरच्या मोठ्या माणसानं स्वतः जाऊन द्यायचं असतं.

"वयनी," तो म्हणाला, "करिष्माची हलद हाय. डीजे-बीजे गेला उडत. धवले तूच बोलायचे. तू नाय आलीस तर मी पोरीला हलदच लावून देनार नाय. फनसाचं... चुकलं मना."

काशी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग जे दोन पावसाळे कोंडून ठेवलं होतं ते सुटलं.

"मुरदा बशिवला तुजा, हऱ्या! आज बघतंच मी तुला!" हे एवढ्या मोठ्यानं, की कुडापलीकडच्या वेणूच्या कोंबड्या उडाल्या. पुढचं मात्र काशी पदर डोळ्याला लावून हळूच बोलली. "चार पावलां यवाला दोन पावसाले लागले तुला? आज जेवल्याबिगर जा, मग बघतंय."

हरिचंद्र हसला, डोळे पुसले. "पाय धुवून येतो," म्हणाला आणि मागच्या विहिरीकडे गेला. विहीर दोन्ही घरांची, दगडी, आत पायऱ्या उतरत गेलेल्या. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर राहतो. काशी चुलीवर आधण ठेवत होती. तिला धप्प असा आवाज आला.

ती धावली. हरिचंद्र खालच्या पायरीवर पडला होता. काशी बसत-घसरत खाली उतरली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर जखमेवर दाबून धरला आणि ओरडत सुटली. लोक जमले तेव्हा हरिचंद्र गेला होता, आणि काशीचं लुगडं रक्तानं माखलं होतं.

पुढचं ऐकताना चिंचशेतमधल्या माणसांची अजूनही मान खाली जाते. धर्मेशनं बाप मेलेला बघितला, काकीच्या लुगड्यावर रक्त बघितलं, आणि वेणूनं तोंडातून काढलं, "आत्ताच काकी त्याला मुरदा बशिवला बोलत होती." दोन वर्षं अबोला होता हे सगळ्यांना माहीत. दुःखानं भडकलेल्या पोरानं पोलिसांत फिर्याद दिली. तपास करणारे साहेब लांबून बदलून आलेले. त्यांना गावची बोली ऐकायला कठीण, लिहायला त्याहून कठीण. त्यांच्या माणसानं जबाब चांगल्या शुद्ध मराठीत उतरवले, आणि शुद्ध करता करता 'मुरदा बशिवला'चं झालं 'तुझा मुडदा बसवीन'. 'आज बघतंच मी तुला' हे मात्र जसंच्या तसं राहिलं. झालं. जुना वाद, उघड धमकी, विहिरीत ढकललं, अंगावर रक्त. काशीवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

तिनं खरं सांगितलं. आमंत्रण द्यायला आला होता, पाय धुवायला गेला होता. पण त्या आमंत्रणाची साक्ष देणारा एकटाच जीव होता, आणि तोच गेला होता.

जामिनाला दोनदा नकार मिळाला. आधारवाडीच्या जेलमध्ये काशी गेली आणि तिनं तोंड शिवून टाकलं. तिच्या मनानं घेतलं होतं, की या जिभेनंच घात केला. हऱ्या गेला त्याला आपली शिवी लागली की काय, असंही तिला रात्री-बेरात्री वाटायचं. बराकीतल्या बायकांशी ती हळू, नमतं बोलायची. "ताई, तुम्ही आधी पाणी घ्या." बायकांना वाटायचं, काय गरीब गाय आहे! मुकेश भेटायला आला तर त्यालाही म्हणाली, "तुम्ही जेवता ना वेळेवर?" मुकेश जाळीपलीकडे ढसाढसा रडला. आईनं त्याला 'तुम्ही' म्हटलेलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

वकील करायला पैसे नव्हते. मग सरकारी योजनेतून एक वकील मिळाली, अस्मिता ओव्हाळ. विठ्ठलवाडीची, डेपोमागच्या चाळीत वाढलेली, बौद्ध घरातली. गावानं नाक मुरडलं. "फुकटातली वकील. आनि बघा तरी, वारा आला तर उडून जाईल!" पोरगी खरंच काडीसारखी होती. पण काम करायला लागली की तिला तहान नको, भूक नको. तिनं कागद वाचले, विहीर उतरून बघितली, पायऱ्यांचे फोटो काढले. सगळं अपघाताशी जुळत होतं, एक सोडून. 'मुडदा बसवीन.'

"आजी," अस्मितानं जेलमध्ये विचारलं, "तुम्ही खरंच असं बोललात?"

"चुकलं माझं, मॅडम," काशी खाली बघून म्हणायची. "तुम्हाला त्रास झाला."

दर भेटीला हेच. अस्मिताला उलगडा होईना. एवढी नम्र बाई, आणि तोंडात मुडदा?

मग एकदा अस्मिता भरदुपारी आली. सकाळपासून दोन कोर्टं करून आलेली. घामानं थबथबलेली, ओठ सुकलेले. तशीच फाईल उघडायला लागली. काशीनं ते बघितलं. पोरगी उपाशी आहे, हे तिला जाळीतूनही कळलं. आणि इतके महिने शिवून ठेवलेलं तोंड आपोआप उघडलं.

"मुरदा बशिवला तुजा! जेवलीस का नाय गो सकालपासना? हाडां बघ जरा सोताची! आदी जा, काय तरी खा, मंग तुजी ती फाईल!"

बोलली, आणि काशीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. संपलं. आता ही पण जाणार. खुनाच्या आरोपीनं स्वतःच्याच वकिलाचा मुडदा बसवला!

अस्मिता जाळीला नाक लावून म्हणाली, "आजी, परत बोला."

"नको मॅडम, माफी करा..."

"बोला हो! काय म्हणालात? बसवीन, की बशिवला?"

"बशिवला," काशी पुटपुटली.

"आणि माझ्यावर रागावलात म्हणून?"

"रागावून कशी बोलीन? रागावलं तर..." काशी अडखळली. हे तिनं स्वतःही कधी शब्दांत धरलं नव्हतं. "रागावलं तर मी तुमी-आमी करतंय ना. ही शिवी तर आपल्या मानसाला."

अस्मितानं फाईल मिटली. "चला," ती म्हणाली, "आता मी पोटभर जेवते."

त्या संध्याकाळी ती चिंचशेतमध्ये होती. दारोदार एकच प्रश्न विचारत, काकी तुम्हाला काय म्हणते? गाव हसून हसून सांगायला लागलं. मुकेशला तर हसावं की रडावं कळेना. नर्सबाईंची गोष्ट, उमेदवाराची गोष्ट, राव केल्यावर हरिचंद्र उपाशी राहिला ती गोष्ट. परत जाताना अस्मिताच्या पिशवीत कुणीतरी वाल आणि भोपळाही घातला.

कल्याणच्या सेशन कोर्टात खटला उभा राहिला. आरोपीच्या पिंजऱ्यात काशी, हात जोडून. पहिली मोठी साक्ष वेणूची. सरकारी वकिलांनी तिच्याकडून वदवून घेतलं, की सकाळी आवाज ऐकला, अमुक शब्द ऐकले. मग अस्मिता उठली.

"वेणूताई, तुमच्या जबाबात लिहिलंय 'मुडदा बसवीन'. हे तुमचे शब्द?"

"मी कशी असं बोलीन? ती 'बशिवला' बोलली. बसवीन लिवनाऱ्यानं लिवला असंल."

"फरक काय त्यात?"

वेणूनं तिच्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली पोरगी आणि हे ठाऊक नाही! "अवो, बशिवला म्हंजे, ये, बस, जेव. काकी मना रोज बोलते. बसवीन असं कोन बोलतं का? तो तर गुंडा झाला!"

कोर्टात खसखस पिकली. डॉक्टरांनीही उलटतपासणीत मान्य केलं, की अशी जखम पाय घसरून दगडावर आपटूनही होते. पण सरकारी वकील काही कच्चे नव्हते. शब्द बशिवला असो की बसवीन, दोन वर्षांचा वाद तर खरा होता. खुनाचं कारण त्यांच्याकडे शाबूत होतं, आणि ते सांगायला धर्मेश होता.

धर्मेश तारखा चुकवत राहिला, शेवटी आला. काशीकडे न बघता उभा राहिला. वाद सांगितला, फणस सांगितला, अबोला सांगितला. आवाज करडा. अस्मिता सावकाश उठली.

"धर्मेशभाऊ, लहानपणी काकी तुम्हाला काय हाक मारायच्या?"

"...धरम्या."

"आणि ती शिवी?"

"रोजच. उठलो की."

"पोलिसांत गेलात कधी?"

"पोलिसांत कशाला?" धर्मेश चमकला. "हसायचो आमी. लाडाची शिवी ती."

"फणस पडल्यावर? त्या दोन वर्षांत किती वेळा दिली?"

"एकदापन नाय. मना धर्मेशराव बोलायची. बाबांना पन राव, तुमी. बाबांना लई लागलेला ते. जेवले नव्हते त्या दिशी."

"म्हणजे राग होता तोवर 'तुम्ही'. बरोबर?"

"हो."

"आणि मग त्या सकाळी, दोन वर्षांनंतर, वेणूताईंनी काय ऐकलं?"

सरकारी वकील उठले, हरकत घेतली, की साक्षीदाराला तर्क विचारता येत नाही. न्यायाधीशबाईंनी हात वर केला खरा, पण धर्मेश त्यांच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता. त्यानं पहिल्यांदाच आरोपीच्या पिंजऱ्याकडे मान वळवली.

"काकी," तो म्हणाला, आणि त्याचा करडा आवाज शाळकरी पोरासारखा फुटला, "बाबांना मुरदा बशिवला बोललीस तू? म्हंजे... म्हंजे तुमचा गोड झालेला? बाबा गेले तवा तुमचा गोड झालेला?"

आरोपीनं साक्षीदाराशी बोलायचं नसतं. काशीला ते अस्मितानं दहादा बजावलेलं होतं. ती बोलली नाही. फक्त मान हलवली, आणि डोळ्यांतून धारा लागल्या. धर्मेश साक्षीच्या पिंजऱ्यातच कठड्याला धरून खाली बसला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साक्षीदार जे बोलले, जसं बोलले, तसंच लिहा," त्या टंकलेखकाला म्हणाल्या. "शुद्ध करू नका."

त्यानंतर बचावाचा साक्षीदार म्हणून नारीशेठ आला. पांढरा सफारी, कपाळाला टिळा, आणि पिंजऱ्यात मावता मावता मुश्किलीनं मावला. सरकारी वकिलांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, "या बाई तुमचाही मुडदा बसवायच्या म्हणता?"

"साहब," नारीशेठनं दोन्ही हात पसरले, "बीस साल से मेरा मुर्दा बिठा रही है. देखिए, मैं खडा हूं!"

आता कोर्टात हसायला बंदी असते. पण शिपाई हसला, टंकलेखक हसला, सरकारी वकिलांनी फाईल तोंडापुढे धरली. न्यायाधीशबाईंनी "शांतता" म्हटलं, पण त्यात दरारा असा नव्हताच.

निकालाच्या दिवशी चिंचशेत ओस पडलं होतं. सगळं गाव कल्याणच्या कोर्टाच्या आवारात. न्यायाधीशबाई वाचत होत्या. शब्दाचा विपर्यास, वैराचा पुरावा नाही, उलट समेट झाल्याचं दिसतं, मृत्यू अपघाती असण्याची दाट शक्यता. काशीला त्यातलं काही कळत नव्हतं. ती अस्मिताच्या पाठीकडे बघत होती. ती काडीसारखी पाठ एकदम ताठ झाली.

"काय झाला गो?" काशीनं कुजबुजत विचारलं.

अस्मिता वळली. वकिलानं रडू नये म्हणतात, पण तिनं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. "निर्दोष, आजी. घरी जायचं."

"कवा?"

"आत्ता!"

कोर्टाच्या फाटकाबाहेर धर्मेश उभा होता. पुढे यायची हिंमत नव्हती, मागे जायचं मन नव्हतं. काशी त्याच्यासमोर थांबली. गाव श्वास धरून होतं. राव म्हणते की काय? 'बरे आहात ना' म्हणते की काय? तसं झालं असतं तर तो पोरगा तिथंच विरघळला असता.

"मुरदा बशिवला तुजा, धरम्या!" काशी कडाडली. "बापावानी वालून गेलास! बायको जेवाया घालते का नाय?"

फाटकावरचा हवालदार दचकून पुढे झाला. पण काय करणार? ज्याचा मुडदा बसवला तो काकीच्या पायांना मिठी मारून रडत होता, आणि भोवतालचं सगळं गाव टाळ्या पिटत होतं. करिष्मा धावत आली. वडिलांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत तिनं लग्न थांबवून ठेवलं होतं. काशीनं तिला एका हाताशी घेतलं, अस्मिताला दुसऱ्या. आणि दोघींना एकेक मिळाली. अस्मिता सांगते, सनद मिळाली त्या दिवशीही इतका आनंद झाला नव्हता. हल्ली ती कोर्टात नव्या अशिलाला पहिलं काय विचारते माहीत आहे? "बोललात ते तुमच्याच शब्दांत सांगा."

बदलापूरहून गावापर्यंत काकीला न्यायला धर्मेशचा टेम्पो फुलांनी सजवून ठेवला होता. वर खुर्ची, खुर्चीला झालर. नारीशेठनं उल्हासनगरातला ब्रास बँड पाठवलेला, लाल कोट, सोनेरी बटणं, भरउन्हात घामाघूम. गावच्या वेशीपर्यंत काशी खुर्चीत बसून आली. लोकांना नमस्कार करून करून तिचे हात दुखले.

वेशीवर तिनं टेम्पोच्या टपावर थाप मारली.

"थांबव."

"काकी, घर अजून लांब हाय," धर्मेश म्हणाला. "ऊन लागंल."

"थांबव बोलतंय ना!"

मुकेशनं हात दिला, तोही तिनं घेतला नाही. स्वतःच उतरली. चपला काढून बगलेत धरल्या. इतके महिने भिंतीला भिंत लागेपर्यंतच चालायचं, मग मागे वळायचं, असं चालली होती ती. आता समोर रस्ता होता आणि तो कुठं अडत नव्हता. तापलेल्या मातीवर तिनं पाय ठेवला, चटका बसला, हसली, आणि चालायला लागली. आधी सावकाश. मग पदर खोचून. मग अशी भरभर, की गावच्या सुना मागे पडल्या, पोरं मागे पडली, टेम्पोही मागेच घुटमळत राहिला. बँडवाल्यांनी ताल वाढवला, तरी त्यांना गाठता येईना. शेवटी लाल कोटवाले बिचारे पळत पळत वाजवायला लागले, आणि काशी त्यांच्या पुढे, एकटी, गावात शिरली.